आशियातल्या क्वीअर जगण्यावर माहितीपट करताना: संशोधनापासून प्रदर्शनानंतरपर्यंत

२ जुलै २००९ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने प्रौढांचे संमतीने होणारे समलिंगी संबंध, त्यांना गुन्हा ठरवणाऱ्या भारतीय दंड संहितेच्या कलम ३७७ च्या कक्षेतून बाहेर काढले. त्यानंतर पुष्कळ जण पहिल्यांदाच चेहरा आणि नाव न लपवता कॅमेऱ्यासमोर बसले. ११ डिसेंबर २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. मोकळेपणाने दिलेली मुलाखत एका दिवसात कबुलीजबाबासारखी वाटू लागली. ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने हे संबंध पुन्हा गुन्ह्याबाहेर काढेपर्यंत, म्हणजे पावणेपाच वर्षं, ही माणसं त्या फुटेजचं ओझं घेऊन जगली. फिल्ममधली एक फ्रेमही बदलली नव्हती, बदलला होता तो तिच्याभोवतीचा कायदा.

म्हणून आशियात या विषयावर माहितीपट करायला निघालेल्या प्रत्येकाने एक प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा असं मला वाटतं. हे दृश्य पाच वर्षांनी, दुसऱ्या कायद्याखाली, या माणसाच्या गावातल्या कुणाच्या तरी फोनवर पोचलं तर काय होईल? पुढे जे सांगतोय ते सगळं या प्रश्नाला धरून आहे.

विषय लहान करा

"आशियातलं एलजीबीटीक्यू जीवन" हा परिसंवादाचा विषय आहे, त्याची फिल्म होत नाही. तैवानमध्ये २४ मे २०१९ पासून समलिंगी जोडपी कायदेशीर लग्न करतात. नेपाळमध्ये नोव्हेंबर २०२३ मध्ये पहिल्या अशा विवाहाची नोंद झाली आणि थायलंडमध्ये जानेवारी २०२५ पासून विवाहाचा हक्क लागू झाला. सिंगापूरने पुरुषांमधले संबंध गुन्हा ठरवणारं कलम ३७७ए रद्द केलं, पण त्याच वेळी विवाहाच्या व्याख्येला न्यायालयात आव्हान देता येऊ नये म्हणून घटनादुरुस्तीही केली. इराणमध्ये लिंगबदल शस्त्रक्रियेला परवानगी आहे आणि समलिंगी संबंधांना मृत्युदंडाची तरतूद आहे. इंडोनेशियाच्या आचे प्रांतात जाहीर फटके मारले जातात. भारतात संबंध गुन्हा नाहीत, पण १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालाने विवाहाचा हक्क नाकारला. हे सगळं एका फिल्ममध्ये कोंबलं की प्रत्येक देशाच्या वाट्याला चार मिनिटं येतात, आणि त्या चार मिनिटांत फक्त कार्यकर्ते आणि वकील बोलतात.

त्यापेक्षा एक नातं घ्या, एक जागा घ्या आणि येत्या वर्षभरात ज्याचं उत्तर मिळणार आहे असा एक प्रश्न घ्या. दोन बायका मिळून घर घेऊ पाहताहेत, कर्जाच्या अर्जात सहअर्जदाराशी नातं काय लिहायचं? हिजडा घराण्यातली वृद्ध गुरू आजारी आहे, तिच्यानंतर गादी कुणाची? दाखल्यावर नाव बदललं, पदवी प्रमाणपत्रावर कधी बदलणार? अशा प्रश्नांमध्ये कायदा, घर, पैसा, जात, धर्म आपोआप येतात. तैवानच्या हुआंग हुई-चेन यांनी २०१६ च्या 'स्मॉल टॉक'मध्ये स्वतःच्या लेस्बियन आईशी कधीच न झालेलं बोलणं कॅमेऱ्यासमोर करायचं ठरवलं. एवढासाच पट, पण २०१७ मध्ये बर्लिन महोत्सवात त्याला सर्वोत्कृष्ट माहितीपटाचा टेडी, म्हणजे तिथला क्वीअर चित्रपटांसाठीचा पुरस्कार मिळाला.

तुम्ही स्वतः समुदायातले असाल किंवा नसाल, ते पहिल्याच भेटीत सांगा. नसाल तर संशोधक, कॅमेरामन, संकलक यांपैकी निर्णय घेणाऱ्या किमान एका जागी समुदायातली व्यक्ती हवी, आणि तिला त्या कामाचे पूर्ण पैसे मिळायला हवेत.

कोणाला काय म्हणायचं

हिजडा, कोती (जन्माने पुरुष, पण वागण्या-बोलण्यात बायकी असणारे), जोगता, तमिळनाडूतल्या तिरुनंगै, पाकिस्तानातले ख्वाजासरा, नेपाळमधले मेटी, इंडोनेशियातल्या वारिआ, थायलंडमधल्या कथोई, फिलिपिन्समधले बाक्ला. या सगळ्यांवर "ट्रान्सजेंडर" अशी एकच पट्टी चिकटवली की त्यांचं जग पुसलं जातं. जोगत्याचं नातं यल्लमाशी असतं. दक्षिण सुलावेसीत बुगिस समाजातले बिस्सू धार्मिक विधी करतात. चीनमध्ये "कॉम्रेड" या अर्थाचा तोंगझी हा शब्द समलिंगी लोकांनी स्वतःसाठी उचलला. काही शब्द एका पिढीला शिवीसारखे लागतात आणि पुढची पिढी तेच अभिमानाने वापरते.

म्हणून प्रत्येक व्यक्तीला तीन गोष्टी विचारा: तुम्ही स्वतःला काय म्हणता, घरी तुम्हाला काय म्हणतात, आणि कोणता शब्द ऐकायला नको वाटतो. उत्तरं व्यक्तीनिहाय लिहून ठेवा. सबटायटल करणाऱ्याच्या हातात पटकथेआधी हा कागद जायला हवा.

कॅमेऱ्याशिवायचे महिने

सुरुवात बहुतेकदा एखाद्या संस्थेतून होते, आणि ते योग्यच आहे. पण संस्था ज्यांच्याकडे पाठवते ती माणसं शंभर मुलाखती दिलेली असतात, त्यांची वाक्यं घासून गुळगुळीत झालेली असतात. त्यांच्याशी जरूर बोला, मग त्यांच्या ओळखीतल्या, कधीच न बोललेल्या माणसांपर्यंत हळूहळू जा. चहा प्या, दवाखान्यात सोबत जा, कागदपत्रांच्या रांगेत उभे राहा. तीन-चार महिने यात गेले तर ते वाया गेले असं समजू नका.

हिजडा घराण्यात गुरूच्या परवानगीशिवाय चेला बोलत नाही, आणि ही रीत ओलांडायचा प्रयत्न केलात तर भोगावं लागतं ते चेल्याला. गुरूची परवानगी घ्याच, पण गुरूचा होकार म्हणजे चेल्याचा होकार नव्हे. तो नंतर एकटीला गाठून, नाही म्हणायला पूर्ण वाव देऊन वेगळा विचारा.

पैशांबद्दल आधीच स्पष्ट बोला. मंगती (पैसे मागणं) किंवा बधाईवर (लग्न-बारशाला आशीर्वाद देऊन मिळणारे पैसे) ज्यांचं पोट चालतं त्यांची दिवसाची कमाई तुमच्या शूटिंगने बुडते. ती भरून द्या, प्रवास आणि जेवणाचा खर्च द्या, आणि सगळ्यांना एकाच दराने द्या. जास्त दुःखाची गोष्ट सांगणाऱ्याला जास्त पैसे मिळतात असं वस्तीत एकदा पसरलं की त्यानंतरची एकही मुलाखत विश्वासाने वापरता येत नाही.

संमती: एकदा सही घेऊन भागत नाही

आशियातल्या बहुतेक समाजांत माणूस एकटा उघड होत नाही. त्याच्याबरोबर आई उघड होते, भावाचं ठरत आलेलं लग्न उघड होतं, घरमालकाशी असलेले संबंध पणाला लागतात. पोलीस फार लांब असतात, पहिला धोका बहुधा घरातूनच येतो. म्हणून "तुमची हरकत नाही ना?" या प्रश्नाला अर्थ नाही. विचारा: कोणाकोणाला अजून माहीत नाही? त्यांना कळलं तर कोणत्या दिवशी काय होईल? तुम्ही कुठे राहायला जाल?

मग संमती तुकड्यांत घ्या. चेहरा, आवाज, नाव, घर, कामाची जागा, जुने फोटो, प्रत्येकाचं हो-नाही वेगळं. प्रदर्शनाचीही वर्तुळं करा: समुदायापुरता बंद खेळ, परदेशातले महोत्सव, देशातले महोत्सव, आणि शेवटी टीव्ही व इंटरनेट. ट्रेलर आणि पोस्टर याहून वेगळे विचारा. नव्वद मिनिटांच्या फिल्ममध्ये यायला तयार असलेली व्यक्ती पोस्टरवर यायला तयार असेलच असं नाही, कारण पोस्टर फिल्म बघायला न आलेल्या माणसालाही दिसतं. हे सांगताना खोटा धीर देऊ नका. "तुमच्या देशात दिसणार नाही" असं आश्वासन कुणालाच देता येत नाही. देशापुरतं बंद केलेलं प्रदर्शन व्हीपीएनने उघडतं आणि स्क्रीन रेकॉर्ड करायला एक बटण पुरतं.

सही मुलाखतीच्या दिवशी घेऊ नका. रात्री दोनपर्यंत मन मोकळं केलेला माणूस आणि पुढच्या आठवड्यात ऑफिसला निघालेला तोच माणूस एकच निर्णय घेईल असं नाही. मी किमान आठवडाभर थांबतो. फिल्मची अंतिम आवृत्ती ठरेपर्यंत कधीही, कारण न देता, माघार घेता येईल, असं संमतीपत्रात तारखेसह लिहा. त्या तारखेनंतर काय करता येईल आणि काय नाही, तेही लिहा.

संमतीपत्र त्या व्यक्तीच्या भाषेत असावं आणि मोठ्याने वाचून दाखवावं. जिथे समलैंगिकता गुन्हा आहे तिथे खऱ्या नावाची सही असलेला कागद हाच पुरावा ठरतो. तिथे टोपणनावाने ध्वनिमुद्रित संमती घ्या आणि ती देशाबाहेर सुरक्षित ठेवा.

दोन गोष्टींवर मी तडजोड करत नाही. अठरा वर्षांखालील कुणालाही ओळखू येईल असं दाखवायचं नाही, पालकांनी सही दिली तरीही. ते मूल मोठं होणार आहे आणि तेव्हा त्याचं मत वेगळं असू शकतं. दुसरी गोष्ट जुन्या अल्बममधल्या फोटोंची. त्यात पूर्वीचे जोडीदार असतात, आता लग्न होऊन मुलंबाळं असलेले. त्यांना कुणी विचारलेलं नसतं.

फुटेजची राखण

२५ एप्रिल २०१६ रोजी ढाक्यात 'रूपबान' या नियतकालिकाचे संस्थापक झुलहाज मन्नान आणि त्यांचे सहकारी महबूब रब्बी तनॉय यांची मन्नान यांच्या घरात शिरून हत्या झाली. त्याच वर्षी फेब्रुवारीत इंडोनेशियात योग्यकार्ता इथली वारिआंची धार्मिक शाळा कट्टरपंथी गटाच्या धमक्यांनंतर बंद पाडली गेली. वर्षानुवर्षं उघडपणे चाललेली जागा एका आठवड्यात धोक्याची होऊ शकते. तुमच्या हार्ड डिस्कवर अशा जागांचे पत्ते आणि चेहरे असतात, हे विसरू नका.

सगळ्या डिस्क एन्क्रिप्ट करा. दोन प्रती दोन वेगळ्या शहरांत ठेवा. फाइलच्या नावात, कॉल शीटवर, हॉटेलच्या बुकिंगमध्ये खरी नावं नकोत, सांकेतिक नावं वापरा. सांकेतिक नावांची किल्ली फुटेजबरोबर ठेवू नका. फोनच्या कॅमेऱ्यात ठिकाणाची नोंद बंद करा. ग्रुपवर "आजचं शूट" म्हणून फोटो टाकायचा नाही, हे युनिटमधल्या ड्रायव्हरपर्यंत सगळ्यांना पहिल्या दिवशी समजावून सांगा. सीमा ओलांडताना फुटेज अंगावर बाळगण्यापेक्षा आधीच पाठवून कार्ड पुसलेली बरी. दुभाषा त्याच मोहल्ल्यातला नको. सोयीचा असतो, पण मुलाखत देणाऱ्याच्या मावशीशी त्याची ओळख निघू शकते.

ओळख लपवून चित्रीकरण

चेहरा झाकला म्हणजे ओळख झाकली असं आपण समजतो. चाल, हसणं, हातावरचं गोंदण, खिडकीतून दिसणारी पाण्याची टाकी, मागून येणारी स्टेशनवरची घोषणा, रोज ठरावीक वेळी ओरडत जाणारा फेरीवाला, यांतल्या कशानेही घर सापडतं. माझ्या एका जुन्या कामात बाईंचा चेहरा पूर्ण अंधारात होता, पण मागच्या भिंतीवर किराणा दुकानाने दिलेलं कॅलेंडर राहिलं होतं. दुकानाचं नाव आणि गाव ठळक वाचता येत होतं. मी, कॅमेरामन, संकलक, तिघांच्याही नजरेतून ते सुटलं. रफ कट, म्हणजे संकलनाची पहिली कच्ची जुळणी, बघताना त्या बाईंनीच पडद्यावर बोट ठेवलं. तेव्हापासून मी प्रत्येक लपवलेला शॉट त्या व्यक्तीला मोठ्या पडद्यावर, आवाजासकट दाखवतो. तिच्या गावात काय ओळखीचं आहे, हे तिच्याइतकं मला कधीच कळणार नाही.

हलका मोझेक किंवा धूसरपणा पुरेसा नाही, त्यामागचा चेहरा सॉफ्टवेअरने बऱ्याच अंशी ताडता येतो. आवाज नुसता जाड-बारीक केला तर तो उलटा फिरवून मूळ आवाज काढता येतो. धोका खरा असेल तर बोललेला मजकूर समुदायातल्याच दुसऱ्या व्यक्तीकडून पुन्हा बोलवून घ्या आणि तसं पडद्यावर सांगा. रशियातल्या चेचन्यावर २०२० मध्ये आलेल्या एका माहितीपटात पळून जाणाऱ्या लोकांच्या चेहऱ्यांवर स्वयंसेवकांचे चेहरे डिजिटल पद्धतीने बसवले होते. डोळ्यांतली भीती दिसते, माणूस ओळखू येत नाही. पण ते काम महाग असतं. कोणताही मार्ग घ्या, झाकलेलं दृश्य कायमचं झाकूनच पुढे द्या. रंगसंस्कार करणाऱ्या स्टुडिओकडे मूळ फाइल गेली तर सगळी मेहनत फुकट.

आणि खिडकीसमोर बसवलेली काळी सावली शक्य तितकी टाळा. टीव्हीच्या बातम्यांनी ती चौकट आरोपीसाठी वापरून वापरून तिला गुन्ह्याचा वास लावला आहे. त्याऐवजी कणीक मळणारे हात, पाठमोरं गाडी चालवणं, गॅलरीतली झाडं, चित्रांतून हलवलेली आठवण. लपवण्याच्या पद्धतीतही त्या माणसाची प्रतिष्ठा दिसली पाहिजे.

मुलाखत

"तुम्हाला पहिल्यांदा कधी कळलं?" हा प्रश्न शेवटी, तोही गरज असेल तरच. त्याचं पाठ झालेलं उत्तर प्रत्येकाकडे तयार असतं. सकाळपासून सुरुवात करा: उठल्यावर पहिल्यांदा कोणाशी बोलता, डबा कोण करतं, आजारी पडलात तर कोणाला फोन लागतो. त्यात जोडीदार, नाराज बहीण, गुरुभाई सगळे येतात. शस्त्रक्रिया आणि शरीराबद्दल विचारू नका, सांगावंसं वाटलं तर ती व्यक्ती सांगेल. तिने निवडलेलं एक माणूस खोलीत बसू द्या. थांबण्याची खूण आधी ठरवा, माइकवर हात ठेवला की रेकॉर्डिंग बंद. आई-वडिलांची मुलाखत घेत असाल तर मुलाने त्यांना नेमकं किती सांगितलं आहे ते आधी त्याच्याकडून माहीत करून घ्या. तुमच्या एका प्रश्नातून त्याचं गुपित फुटू शकतं.

संकलन आणि क्रियापदाचं लिंग

चार पात्रं आणि चारही रडली, तर प्रेक्षक दुःख घेऊन घरी जातो, माणसं घेऊन जात नाही. विजेच्या बिलावरून झालेलं भांडण ठेवा. नवीन पडदे लावताना स्टुलावर चढलेली जोडीदार ठेवा. प्राइड मोर्चातले संथ गतीचे शॉट मी शक्यतो काढूनच टाकतो. एक तर ते सगळीकडे आहेत, आणि त्या गर्दीतल्या प्रत्येक चेहऱ्याने तुमच्या फिल्मला होकार दिलेला नसतो.

आता मराठीत काम करणाऱ्यांसाठी खास महत्त्वाचा भाग. इंडोनेशियन भाषेत "दिआ", तागालोगमध्ये "सिया", फारसीत "ऊ", बांगलात "शे", ही सर्वनामं स्त्री-पुरुष भेद करत नाहीत. अर्धा तास बोलूनही वक्ता जोडीदाराचं लिंग उघड करत नाही, आणि कित्येकदा तो आडोसाच त्याला वाचवत असतो. मराठी सबटायटलात मात्र "तो आला" की "ती आली" हे ठरवावंच लागतं. ते स्वतःच्या मनाने ठरवलंत तर वक्त्याने जपलेली गोष्ट तुम्ही जाहीर केलीत. अशा वेळी "माझ्या माणसाने सांगितलं", "घरून फोन होता", "आमचं ठरलं" अशी वळणं घ्या, किंवा सरळ नाव वापरा. नॉनबायनरी, म्हणजे स्वतःला निव्वळ स्त्री किंवा पुरुष न मानणाऱ्या, व्यक्तीसाठी "ते आले" हा आदरार्थी अनेकवचनी पर्याय सुचतो, पण मराठी कानाला त्यात पुरुषच ऐकू येतो. विचारून घ्या.

उलट दिशेने अडचण आणखी गहिरी आहे. आपल्याकडे "मी" म्हटल्यावरही क्रियापद बोलतं. मैत्रिणींच्या घोळक्यात "मी काल गेले होते" म्हणणारी कोती घरून फोन आला की त्याच दमात "हो आई, मी गेलो होतो" म्हणते. एका मात्रेत सगळं आयुष्य येतं, आणि इंग्रजी सबटायटलात दोन्ही वाक्यं तंतोतंत सारखी दिसतात. यावर एकच ठरावीक उपाय नाही. कधी "गेले" आणि "गेलो" हे शब्द तसेच ठेवून कंसात खूण करता येते, कधी ते दृश्य थोडं लांबवून बदललेला आवाज आणि बसलेले खांदे पुरतात, कधी त्या व्यक्तीलाच पुढे एका वाक्यात ते सांगू द्यावं. पण हा बदल "बोलण्यातली चूक" समजून ट्रान्सक्रिप्टमध्ये सुधारला जाणार नाही, याची काळजी पहिल्या दिवसापासून घ्या. टंकलेखन करणारे तो सर्रास सुधारतात.

रफ कट प्रत्येकाला आधी एकट्याला दाखवा, मग कोणासोबत बघायचा ते त्यांना ठरवू द्या. सुरक्षिततेचा आणि चुकीच्या माहितीचा आक्षेप आला तर दृश्य निघालंच पाहिजे. "मी जाड दिसते" यावर बसून बोलता येतं.

प्रदर्शन

भारतात चित्रपटगृहात लावायचं तर सेन्सॉर बोर्डाचं प्रमाणपत्र लागतं. महोत्सवांना माहिती व प्रसारण मंत्रालयाकडून त्यातून सूट मिळते. ओटीटीला २०२१ च्या नियमांप्रमाणे वयोगटाचं वर्गीकरण करावं लागतं. महोत्सवांची कमी नाही: १९८९ मध्ये सुरू झालेला हाँगकाँगचा लेस्बियन अँड गे फिल्म फेस्टिव्हल, १९९२ पासूनचा टोकियोचा, २०१० पासून मुंबईचा कशिश. कुठेही पाठवण्याआधी समुदायातला बंद खेळ करा. त्याने "पहिलं प्रदर्शन" ही अट मोडते का, ते महोत्सवाला लेखी विचारून घ्या.

माहितीपुस्तिकेसाठी महोत्सव स्वतःहून फिल्ममधली एखादी फ्रेम उचलतात. म्हणून ज्यांना परवानगी आहे असे तीनच फोटो पाठवा आणि बाकी वापरू नयेत असं लिहा. खेळानंतर सहभागींनी मंचावर यायलाच हवं असं नाही. प्रेक्षागृहात फोटो काढले जातात.

अंदाजपत्रकात एक वेगळी ओळ हवी. माझा ठोकताळा एकूण खर्चाच्या दहाव्या हिश्श्याचा आहे. हा पैसा फिल्म आल्यानंतर कुणाला काही महिने दुसरीकडे भाड्याने राहावं लागलं, वकील लागला, समुपदेशक लागला तर वापरायचा. निर्मात्याला ही ओळ अनावश्यक वाटेल. तिच्यासाठी भांडा.

यानंतरची कामं रोजची नसतात, पण संपतही नाहीत. फिल्म नव्या वाहिनीला किंवा नव्या देशात विकली जात असेल तर करारावर सही करण्याआधी प्रत्येक सहभागीला फोन करा. २०१९ मध्ये आनंदाने "हो" म्हणणारी व्यक्ती आज लग्न झालेली, नोकरी बदललेली किंवा परदेशात आश्रय मागत असलेली असू शकते. ज्यांचे नंबर बदलले आहेत त्यांच्यापर्यंत कोणामार्फत पोचायचं, ते नाव शूटिंगच्या वेळीच घेऊन ठेवा. आणि फोन लागलाच नाही, तर उत्तर मिळेपर्यंत त्या व्यक्तीचा भाग दाखवला जाणार नाही, अशी अट पहिल्याच करारात घाला.